सोनाआक्काच्या मुठीचं वजन

'तुमच्या हाताच्या चवीचं रहस्य आमच्या वाचकांना सांगा,' असं या अंकाच्या संपादकांनी मला नगरच्या सावेडीत घरी येऊन सांगितलं. माणूस भला आहे, वयानं माझ्या मुलासारखा, म्हणून त्याला चहा पाजून परत पाठवलं. एरवी 'हाताची चव' हे शब्द कुणी माझ्यासमोर काढले की माझं डोकं फिरतं. हाताला घाम असतो, चटके असतात, लसणाचा वास असतो. चव असते मापात. सगळं आयुष्य लग्नाचे स्वयंपाक करून मी हे सांगते आहे आणि सगळं आयुष्य कुणी ऐकलेलं नाही, कारण माझ्या शेजारच्या चुलीवर सोनाआक्का बसलेली असायची.

सोनाआक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. तिच्याविषयी पुढे लिहायचंच आहे. आधी धंदा सांगते, कारण आता सगळं पुडक्यात मिळतं आणि पुडक्यावर ग्रॅम छापलेले असतात. नव्या मुलींना आमची अडचण काय होती ते कळायचं नाही.

मी पारनेरकडची. माझे वडील बाजारात मापाडी होते. शेतकरी धान्य आणायचे आणि वडील ते पायलीनं मोजून द्यायचे. पहिल्या पायलीला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन, चार. मी त्यांच्या मागे बसून हे ऐकत वाढले. चार शेरांची पायली. शेराच्या पोटात मापटं, चिपटं, कोळवं, निळवं, प्रत्येक आधीच्याच्या निम्मं. पण वडिलांनी मला जे शिकवलं ते आकड्यांच्या पलीकडचं होतं. माप भरताना ते हळूच जमिनीवर टेकवलं तर दाणा मोकळा राहतो आणि आपटलं तर बसतो. वरती शीग सोडली तर एक हिशेब, हातानं सपाट निपटलं तर दुसरा. एकाच पायलीत दोन माणसं वेगवेगळं धान्य बसवतात आणि दोघंही देवाची शपथ घेऊन खरं बोलत असतात.

लग्न होऊन मी नगरला आले तेव्हा दुकानात किलो येऊन बरीच वर्षं झाली होती, पण खेड्यातल्या लोकांच्या तोंडात आणि घरात पायलीच होती. लग्न ठरलं की यजमान सांगायचा, 'ताराबाई, आमच्यात दर पन्नास पानाला पायलीची बुंदी लागती.' हे त्याच्या आजीनं सांगितलेलं. आणि माल आणायचा नगरच्या बाजारातून, काट्यावर. मधला पूल मी. आमच्याकडच्या पायलीत ज्वारी साडेतीन किलोच्या आसपास बसायची. त्याच पायलीत साखर चार किलो. आणि चाळलेलं बेसन मोकळं भरलं तर जेमतेम सव्वादोन. रवा बारीक की जाड, डाळ अख्खी की भरडलेली, पोहे असले तर विचारूच नका, हे सगळं माझ्या डोक्यात पाठ होतं. दुकानदार मला पाहिलं की गडी बाजूला करून स्वतः काट्यावर यायचा. म्हणायचा, 'बाई, तुम्ही आल्या की माझा तराजूसुद्धा घाबरतो.' मी म्हणायचे, 'शेटजी, तराजू खरा असंल तर कशाला घाबरंल?'

त्या काळी मोठ्या लग्नाचा स्वयंपाक पुरुष आचारी करायचे. दोन बायका काहिलीपुढं उभ्या राहिलेल्या पाहून लोक हसायचे. घासाघीस करून, भांडून, एकेका गावातून मी कामं मिळवली. कामं मी मिळवायची, मालाचा हिशेब मी करायचा, बाया मी जमवायच्या, भांडी मी मोजून घ्यायची. आणि सोनाआक्का काय करायची? पाटावर बसायची, डाव्या हातानं पदर सावरायची आणि उजव्या हातानं मूठ भरून तपेल्यात टाकायची. मीठ, तिखट, धन्याची पूड, गूळ. माप नाही, चमचा नाही. मूठ. लोक जेवून उठले की हात न धुता विचारायचे, 'सोनाबाई कुठं हाय?'

तिला साधी बेरीज धड यायची नाही. ती गोरी होती, बोलायला गोड होती, आणि तिला राग येत नसे. माझ्या बाबतीत या तीनही गोष्टी उलट्या.

एक लग्न सांगते, म्हणजे माझं म्हणणं कळेल. पारनेर तालुक्यातलंच गाव. यजमान बापूराव, जिरायती पण खाऊनपिऊन सुखी माणूस, स्वभावानं संशयी. आचारी माल चोरतात असं त्याचं ठाम मत होतं, म्हणून तो स्वतः नगरला जाऊन माल घेऊन आला. आम्ही आदल्या दिवशी पोचलो. मी कोठीत गेले, पोत्यांकडं पाहिलं आणि म्हणाले, "दाजी, साखर निम्मीच आनली."

"निम्मी?" बापूराव उसळला. "बेसनाच्या बरोबरीची साखर, आमच्या आईचं माप हाय. ईस किलो बेसन, ईस किलो साखर. काट्यावर घाल की!"

"काट्यावर बरुबर हाय. पायलीवर न्हाई."

"आता काटा खोटा का पायली खोटी?"

"दोन्ही खरी हाईत. तुमच्या आईनं बरोबरी सांगितली ती पायलीची. पायलीस पायली. तुमी केली किलोस किलो."

त्याला पटेना. मग मी त्याच्याच घरची पायली मागवली आणि त्याच्याच हातानं मोजायला लावलं. 'लाभ' म्हणून सुरुवात केली. बेसनाच्या जवळजवळ नऊ पायल्या भरल्या. साखर पाचव्याच पायलीला संपली. बापूरावाचं तोंड उतरलं. मग म्हणाला, "त्या दुकानदारानं साखर खाल्ली माझी!" शेवटपर्यंत त्याचं मत तेच राहिलं. पण प्रश्न होता तो उद्याच्या बुंदीचा. साखर तेव्हा मागाल तेवढी मिळत नव्हती, आणि गावात तर मिळणारच नव्हती. तेवढ्या बेसनाची बुंदी त्या साखरेत केली असती तर कोरडी ठणठणीत झाली असती. लाडू वळलेच नसते.

मी बापूरावाशी भांडत होते तेवढ्यात सोनाआक्का कोठीच्या दारात आली. सगळं ऐकून म्हणाली, "साखरंला पुरंल तेवढ्याच बेसनाची बुंदी करू. उरल्याचा सकाळी वऱ्हाडाला झुनका करू, भाकरीसंगं. बेसन काय वाया जातंय व्हय?"

झालं. दुसऱ्या दिवशी बुंदी सगळ्यांना एकेक लाडू पुरली आणि सकाळच्या झुणक्याचं कौतुक संक्रांतीपर्यंत चाललं. 'सोनाबाईनं लाज राखली,' असं बापूराव जिथंतिथं सांगत सुटला. चूक पकडली कुणी? पायली मागवली कुणी? पकडली नसती तर काहील चढल्यावर कळलं असतं. पण धोका आधी ओळखणाऱ्याला कोण विचारतो? धोक्यात गोड बोलणारा लोकांच्या लक्षात राहतो.

त्या लग्नानंतर मी मनाशी ठरवलं, आक्काची मूठ काट्यावर चढवायची. पायलीचे किलो मला करता येतात, मग मुठीचे ग्रॅम का येऊ नयेत? एकदा मुठीचं वजन कळलं की आक्काची गरजच काय?

मी छोटा तराजू विकत घेतला, सराफ वापरतात त्यापेक्षा थोडा मोठा. आक्का मूठ भरायची तेव्हा मी मध्ये थाळी धरायचे.

"आदी हितं टाक."

"हे काय गं तारे?"

"वजन करती."

"माझ्या मुठीचं?" ती पोट धरधरून हसली. भोवतीच्या बायांना म्हणाली, "बघा गं, माझी जाऊ माझी मूठ तोलती! सोनं हाय का काय मुठीत?" आणि मग मला म्हणाली, "तोल बाई, तोल. तुला बरं वाटत असंल तर तोल."

ती चिडली असती, मूठ लपवली असती, तर मला बरं वाटलं असतं. आपल्याकडचं काही चोरीला जातंय असं तिला वाटलंच नाही. ती प्रत्येक वेळी आपण होऊन थाळीकडं हात करायची.

पहिल्या काही लग्नांत माझा हिशेब जमेना. तिची मिठाची मूठ मोजली तर एकदा एक वजन यायचं, दुसऱ्या गावी दुसरंच. मला वाटलं, सापडली! हिची मूठ खोटी आहे, चव नशिबानं लागते. मग माझ्या लक्षात आलं की एका गावी खडेमीठ होतं आणि दुसऱ्या गावी दळलेलं. खडेमिठात खड्याखड्यांमध्ये हवा असते. दळलेलं मीठ दाटून बसतं. वाटीभर खडेमीठ आणि वाटीभर बारीक मीठ यांच्या वजनात चांगलाच फरक पडतो. अनेक सुगरणी इथंच फसतात, मीठ बदललं की भाजी खारट करून बसतात. आक्का काय करायची, तर मीठ बारीक असलं की करंगळी उघडी सोडायची. मूठ पूर्ण मिटायचीच नाही. पण तशीही दोन्ही मुठींची वजनं पुरती जुळेनात, मग तपेल्यात किती पाणी आहे ते मी त्यात धरलं. ते धरल्यावर वजन असं जुळलं की मी तराजू खाली ठेवून तिच्याकडं बघतच बसले.

"आक्के, करंगळी का उघडी धरली गं?"

तिनं स्वतःच्या हाताकडं पाहिलं. "उगडी हुती व्हय? मला काय ठाव!"

हे मला सगळ्यात जास्त झोंबलं. मी बापाच्या मागे बसून, शेटजींशी भांडून, तराजू घेऊन जे शिकले ते हिच्या करंगळीला न शिकवता येत होतं, आणि तिला ते माहीतही नव्हतं. कष्ट करून कुणी आपल्यापेक्षा जास्त मिळवलं तर माणूस सोसतो. फुकट मिळालेलं सोसवत नाही.

पण मी सोडलं नाही. तिखटाची मूठ, नव्या मिरचीची वेगळी, जुन्या मिरचीची वेगळी. धन्याची, काळ्या मसाल्याची, शेंगदाण्याच्या कुटाची. शंभर पानांच्या शाकभाजीला किती, आमटीला किती. सगळी मूठ मी ग्रॅममध्ये उतरवून पाठ केली.

मग संगमनेरचं लग्न आलं. दुष्काळाच्या आधीचं साल होतं, नदीकाठचा बागायतदार, घरात ट्रॅक्टर. त्याला सगळे दादासाहेब म्हणत. एवढं मोठं काम आम्हाला पूर्वी मिळालं नव्हतं. आणि लग्नाच्या तोंडावर आक्काच्या लेकीला कळा लागल्या. आक्का लेकीकडं पारनेरला निघून गेली. जाताना म्हणाली, "तुझ्याकडं माझी मूठ हाय की. कर."

मी दादासाहेबांना काही लपवलं नाही. सरळ सांगितलं, सोनाबाई येणार नाही, मी करणार आहे. ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "आईनं तर सोनाबाईच्या नावावर होकार दिलाय. दुसरा आचारी बघू का?"

"बघा," मी म्हणाले. "पन आधी माझं ऐका. जेवान बिघडलं तर मजुरीचा एक पैसा घेनार न्हाई. बायांची मजुरी मी माझ्या पदरची भरीन. आनि जेवान साधलं, तर मजुरी ठरली तेवढीच द्या. फक्त आचाऱ्याचा मान मला द्या. भर मांडवात, सगळ्यांसमोर."

आमच्याकडं पंगती उठल्या की आचाऱ्याला मांडवात बोलावून मान देतात. पुरुष असला तर फेटा किंवा टॉवेल-टोपी, बाई असली तर लुगडं-चोळी आणि नारळ. तोवर प्रत्येक लग्नात तो मान आक्काला मिळाला होता. मी शेजारी उभी राहून नारळ धरायचे. त्या नारळाचं वजनही मला पाठ होतं म्हणा ना.

दादासाहेब हसले. "बाई, सौदा करता येतो तुम्हाला. दिला शब्द."

त्या दिवशी मी जशी राबले तशी कधीच राबले नाही. चर खणून त्यावर तपेली चढवली होती. एकेका तपेल्यात पाणी किती ते घागरींनी मोजलं, मीठ तोललं, तिखट तोललं. बायांना सांगून ठेवलं, माझ्याशिवाय कुणी चिमूटसुद्धा टाकायची नाही. बुंदीचा पाक, आमटी, वांग्या-बटाट्याची शाकभाजी. मी चव घेऊन पाहिली नाही. घ्यायची गरजच नव्हती, तराजूनं सांगितलं होतं. पंगतीवर पंगती उठल्या. वाढपी भाजीचं तपेलं रिकामं घेऊन परत येत होते आणि दुसरं भरून नेत होते. मी झारा दोन्ही हातांनी धरून उभी होते.

शेवटची पंगत उठल्यावर मला मांडवात बोलावलं. दादासाहेबांच्या आई खुर्चीवर बसल्या होत्या. थकलेल्या, पण नजर करारी. त्यांच्या मांडीवर हिरवं लुगडं, वर चोळीचा खण, नारळ. भोवती पाव्हणेमंडळी. मी खोचलेला पदर सोडून, डोक्यावरून घेऊन पुढं झाले.

आजींनी माझ्याकडं पाहिलं आणि माझ्या मागं पाहिलं.

"सोनाबाई कुठं हाय?"

दादासाहेब म्हणाले, "आई, सोनाबाई आली नाही. स्वयंपाक या ताराबाईंनी केला."

"मला येडी समजतो काय रं?" आजी म्हणाल्या. "पळवेकरांच्या लग्नात जेवले, माझ्या भाचीच्या लग्नात जेवले. ही आमटी सोनाबाईचीच हाय. ह्या हाताची चव दुसऱ्या कुनाला यीतच न्हाई." आणि माझ्याकडं वळून, मायेनं, खरंच मायेनं म्हणाल्या, "लाजती व्हय गं ती मानसात यायला? ऱ्हाऊ दे. तू तिची जाऊ ना? हे तिला नेऊन दे. माझ्या हातानं दिलं म्हनून सांग."

मी दादासाहेबांकडं पाहिलं. मी आयुष्यभर सौदे केले, समोरचा शब्द फिरवायला लागला की त्याच्या तोंडावर कळतं. त्यांच्या तोंडावर कळलं. आईपुढं, पाहुण्यांपुढं ते बोलणार नव्हते. हळूच म्हणाले, "घ्या ना बाई. घरातल्या घरातच जाणार आहे."

मी लुगडं घेतलं. मांडवात भांडले नाही, याचं ज्यांना आश्चर्य वाटेल त्यांना सांगते, माझ्याजवळ भांडायला मुद्दाच नव्हता. मी माझं काम चोख केलं होतं. इतकं चोख, की त्यात मी कुठं उरलेच नव्हते.

एसटीनं पारनेरला गेले. आक्काच्या लेकीला मुलगा झाला होता, आक्का बाळंतिणीच्या खोलीबाहेर शेकासाठी शेगडी पेटवत बसली होती. मी लुगडं तिच्यापुढं टाकलं, आजींचा निरोप जसाच्या तसा सांगितला आणि बरोबर आणलेला भाजीचा डबा उघडून दिला. तिनं बोट बुडवून चाटलं. मग आणखी एकदा.

"आगं!" तिचे डोळे मोठे झाले. आत लेकीला हाक मारून म्हणाली, "ऐकलं का गं, मी तितं न्हवते तरी भाजी माझीच झाली बघ!"

आणि लुगड्याची घडी मोडून अंगाला लावून पाहिलं. हिरवा रंग तिला शोभून दिसत होता. 'आक्के, ते माझं आहे,' एवढं म्हटलं असतं तर तिनं त्याच क्षणी काढून दिलं असतं, वर पोटाशीही धरलं असतं. म्हणून म्हटलं नाही. तिनं दिलेलं मला नको होतं.

परत येताना मी एसटीत ठरवलं. दुसऱ्याची मूठ बास. पुढच्या लग्नात शाकभाजी माझ्या मापानं करायची. गूळ निम्म्यावर आणला, शेंगदाण्याचा कूट वाढवला, काळा मसाला तव्यावर जास्त भाजला. आक्काला सांगून टाकलं, "ह्या तपेल्याला तू हात लावायचा न्हाई." ती बरं म्हणाली आणि बुंदीकडं जाऊन बसली.

वाढायलाही मीच उभी राहिले. नगरजवळचंच गाव, पंगतीत एक म्हातारा गडी बसला होता, आमच्या हातचं आधी जेवलेला. त्यानं पहिला घास घेतला, चावत थांबला, मान वर करून म्हणाला, "आज सोनाबाई आली न्हाई वाटतं?"

आक्का माझ्या पाठीमागं, हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर काहिलीपाशी बसली होती.

"न्हाई," मी म्हणाले. "आज मी हाय. वाढू का अजून?"

म्हाताऱ्यानं आणखी एक घास घेतला. मग त्यानं द्रोण पुढं केला. मी पळी बुडवली आणि वळून पाहिलं. आक्कानं सगळं ऐकलं होतं. तिनं पदर पार हनुवटीपर्यंत पुढं ओढला आणि म्हाताऱ्याला तोंड दिसू नये म्हणून भिंतीकडं वळून बसली.

तेसुद्धा तिलाच सुचलं.